फोडणीपुरते

धुवायला काढलेला सासऱ्यांचा शर्ट तिने नाकाशी धरला आणि डोळे मिटले. गरम तेल, करपायच्या बेतात आलेला लसूण, मागून लाल मिरची. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं स्वयंपाकघर, जसंच्या तसं.

"चोर कुठले," ती हसत पुटपुटली आणि शर्ट बादलीत टाकला.

सुगंध तयार करणाऱ्या कारखान्यात ती दोन वर्षं उमेदवारी करत होती. औषधांच्या दुकानातली पक्की नोकरी सोडून चाळिशीत हे खूळ घेतलं, म्हणून माहेरच्यांनी तिला वेड्यात काढलं होतं. नाक तयार करायचं तर कांदा, लसूण, कॉफी, वासाचा साबण, सगळं बंद. मैत्रिणी अत्तर लावून येत, म्हणून हळूहळू त्यांचंही येणं बंद झालं. नवरा बोटीवर, वर्षातून एकदा घरी येणारा. घरात राहिले ती आणि सासरे. आणि सासऱ्यांना तर कच्च्या कांद्याशिवाय घास उतरत नसे.

"बाबा, तुमच्यापुरतं वेगळं करत जाऊ," तिने सुरुवातीलाच सांगितलं होतं.

"नको गं. तिखट सोसत नाही हल्ली," ते म्हणाले आणि तिच्याबरोबर उकडलेल्या भाज्या मुकाट्याने खाऊ लागले.

मग त्यांचं संध्याकाळचं फिरणं सुरू झालं आणि शर्टाला हा वास येऊ लागला. म्हातारा काकूंकडे हादडतो आणि चांगली खळखळून चूळ भरून वर येतो, हे ती तेव्हाच समजून चुकली. बोलली मात्र नाही. उलट तिला बरंच वाटायचं. निदान एका माणसाची तरी आपल्यापायी उपासमार होत नाही.

फोन वाजला. कारखान्यातल्या मुख्य बाई होत्या. सकाळीच तिची शेवटची परीक्षा झाली होती. आज नापास झाली असती तर पुन्हा संधी नव्हती.

"निवड झाली तुझी. सोमवारपासून कामावर ये. तोवर नाकाला सुट्टी. हवं ते खा-पी."

ती साबणाच्या हातांनीच जिना उतरली. काकूंचं दार उघडं होतं. त्या लसूण सोलत होत्या.

"काकू, बाबा जेवून गेले का?"

"यायचेत अजून. फोडणी कुठे दिलीय मी?"

"आज काय वाढणार त्यांना?"

काकूंचा हात थांबला. "वाढणार? अगं, दोन वर्षांत या घरात त्यांनी घास म्हणून तोंडात घातलेला नाही. मी रोज म्हणते, बसा. तर म्हणतात, तोंडाला वास राहिला की सुनेचं काम बिघडेल. फोडणी होईतो त्या स्टुलावर बसतात, वास घेतात आणि उठतात. शेवटी मीच फोडणी त्यांच्यासाठी थांबवायला लागले."

ती दाराच्या चौकटीला टेकली. वास शर्टाला होता. तोंडाला तो कधी आलाच नव्हता. एवढं तयार झालेलं नाक, आणि त्याला इतकी साधी गोष्ट कळू नये! तिला हसू आलं. कुणीतरी आपल्यासाठी एवढं करावं, अशी आपली काय पुण्याई, असं तिला मनापासून वाटलं.

जिन्यात पावलं वाजली. तिला बघून सासरे दारातच थबकले.

"तू इथे? मी आपला सहज, जाता जाता..."

"बाबा, झालं माझं. निवडलं मला."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. "मला ठाऊकच होतं," ते म्हणाले. "सगळ्या इमारतीला सांगून ठेवलंय मी."

"काकू, दोन ताटं घ्या. एक बाबांना, एक मला."

"अगं पण तुझं नाक..." सासरे म्हणाले.

"सुट्टीवर आहे ते. बसा तुम्ही."

तेलात लसूण आणि मागून लाल मिरची पडली तशा काकू आणि ती दोघीही खोकल्या. ताटं वाढून झाली, तरी सासरे मात्र ताटाकडे नुसते बघत बसले. मग एकदा तिच्याकडे पाहून त्यांनी पहिला घास घेतला, चटकन भिंतीकडे तोंड फिरवलं आणि डावा तळहात तोंडावर धरून ते चावू लागले.

ती आपलं ताट घेऊन उठली, त्यांच्या अगदी समोर जाऊन बसली आणि तो हात तिने अलगद खाली घेतला.