हनोईला दोघी निघाल्या

सामान सात किलोच्या वर गेलं की विमान कंपनी पैसे उकळते, म्हणून मारिव्हिकनं अंगावर तीन शर्ट चढवले होते. वर जाड जाकीट, आणि जाकिटाच्या खिशांत बिस्किटं, सुकवलेला आंबा, नूडल्सची पाकिटं. मनिलाच्या विमानतळावर पासपोर्टच्या रांगेत ती ठासून भरलेल्या उशीसारखी उभी होती.

"मानांग, घामानं निथळतेयस तू," जोनालिन म्हणाली.

"हनोईत थंडी आहे म्हणतात. तिथे गेल्यावर तूच मागशील हे जाकीट, आणि मी देणार नाही."

दोघी फिलिपीन्समधल्याच इलोइलो शहरात एका मॉलमध्ये कामाला होत्या. मारिव्हिक चपलांच्या दुकानात, जोनालिन समोरच्याच लिपस्टिक-पावडरच्या काउंटरवर. जोनालिन वयानं बरीच लहान. ती मारिव्हिकला 'मानांग' म्हणे, तिकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, आणि मारिव्हिक तिला 'इंदाय', घरातल्या लाडक्या पोरीला म्हणतात तसं. हनोईचं वेड मारिव्हिकचं. पूर्वी दोन वर्षं ती कुवेतला एका घरी कामाला होती, आणि त्या देशातलं तिनं एक स्वयंपाकघर आणि एक गच्ची एवढंच पाहिलं होतं. "एकदा तरी अशा देशात जायचंय, जिथे मला कुणाची ताटं घासायची नाहीत," असं ती जेवणाच्या सुट्टीत म्हणायची. स्वस्तातली तिकिटं तिनंच शोधली, सगळ्यात स्वस्त हॉस्टेलही तिनंच. नोंदणी तेवढी जोनालिनच्या फोनवरून झाली, कारण मारिव्हिकच्या फोनची काच फुटलेली.

मॉलमध्ये पाच-पाच महिन्यांच्या नेमणुका. मारिव्हिकची नेमकी आदल्या आठवड्यात संपली होती. पुन्हा घेणार हे सगळ्यांना माहीत होतं, पण कंपनीचं रजेचं पत्र काही तिला मिळालं नाही. फिरायला म्हणून निघून परदेशात चोरून कामाला राहणाऱ्या बायकांना विमानतळावर अडवतात, तेव्हा ते पत्र दाखवावं लागतं. जोनालिनजवळ ते होतं.

रांग फुटली आणि दोघी शेजारशेजारच्या खिडक्यांवर गेल्या. मारिव्हिकचा आवाज जोनालिनला ऐकू येत होता.

"कशासाठी चाललात?"

"फिरायला."

"नोकरी?"

"आहे. म्हणजे, पुढच्या महिन्यात परत लागेल."

"कुवेतला होतात. हनोईत कुणाच्या घरी काम ठरलंय?"

"कुणाच्या नाही, साहेब. फिरायलाच."

"चार दिवस फिरायला एवढे कपडे अंगावर?"

मारिव्हिक हसली. अशा ठिकाणी हसू नये हे तिला कधीच कळलं नाही. एक बाई अधिकारी आली आणि तिला बाजूच्या टेबलाकडे घेऊन गेली. जाता जाता मारिव्हिकनं जोनालिनकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं.

जोनालिनच्या खिडकीतल्या माणसानं मान वर केली. "ती बाई तुमच्याबरोबर आहे?"

जोनालिनच्या हातात फोन होता, आणि फोनमध्ये दोन पलंगांची नोंदणी. शिक्का अजून त्या माणसाच्या हातातच होता.

"नाही, सर. इथे रांगेतच ओळख झाली."

त्यानं शिक्का मारला.

आत जाऊन ती दाराकडे तोंड करून बसली. सोडतील, तिनं मनाशी म्हटलं, थोडं छळतील आणि सोडतील. विमानात चढायची हाक आली तेव्हा मेसेज आला. "अडवलं मला. तू जा, इंदाय. तिकीट फुकट घालवू नकोस." त्या दोन शब्दांचा, तू जा, तिनं विमानभर आधार घेतला.

हनोईच्या विमानतळावरून शहरात जाणारी बस कुठली, ते मारिव्हिकनं पाठ केलं होतं. जोनालिनला विचारत विचारत जावं लागलं. बस भरलेली. उतरल्यावर दुचाक्यांच्या लोंढ्यातून रस्ता ओलांडायचं तिला जमेना. शेवटी एका भाजीवाल्या म्हातारीनं तिचं मनगट पकडलं, ओढत पलीकडे नेलं आणि निघून गेली.

हॉस्टेलच्या टेबलामागे हान्ह नावाची मुलगी बसली होती. "दोन जणी ना? दुसरी कुठाय?"

"ती येत नाहीये."

"पैसे परत मिळत नाहीत हं."

"माहितेय."

हान्हनं तरीही दोन टॉवेल पुढे केले. खोलीत आठ पलंग. जोनालिनच्या वरचा रिकामा होता. थोड्या वेळानं एका गोऱ्या मुलानं त्यावर आपली ओली चड्डी वाळत घातली. तिनं ती काढायला लावली नाही.

खाली गल्लीत डुकराचं मांस भाजल्याचा धूर भरला होता. ठेंगण्या प्लास्टिकच्या स्टुलांवर माणसं गुडघ्याला गुडघा लावून जेवत होती. जोनालिननं वाटी घेतली आणि फोन वाजला.

"पोचलीस?" मारिव्हिकनं विचारलं. ती मनिलात मामेबहिणीकडे होती.

"पोचले, मानांग. तू नाहीस तर काही गोड लागत नाहीये."

"खोली कशी आहे?"

"बरी आहे."

"मला एक सांग. तुला त्यांनी माझ्याबद्दल काही विचारलं का?"

दोन दुचाक्या हॉर्न वाजवत गेल्या. तेवढा वेळ जोनालिनला मिळाला.

"नाही गं. शिक्का मारला आणि सोडलं."

मारिव्हिक शांतपणे म्हणाली, "ती बाई मला म्हणाली, तुझ्या मैत्रिणीला विचारलं, ती तुला ओळखत नाही म्हणते. खोटं बोलतेस म्हणून अडवतोय. मी तिला म्हटलं, तुम्ही चुकीच्या पोरीला विचारलंत. माझी इंदाय असं म्हणायची नाही. भांडले मी तिच्याशी. बराच वेळ भांडले."

"मानांग..."

"जेवून घे. गार होईल."

फोन बंद झाला. वाटीतलं गार झालं. जोनालिननं ते तसंच खाल्लं, कारण पैसे दिले होते आणि भूकही होती. आणि भूक लागली याचीच तिला लाज वाटली.

ठरलेले दिवस तिनं काढले. परतीचं तिकीट बदलण्याइतके पैसे नव्हते. तळ्याकाठी बसली, अंड्याची कॉफी प्यायली, एकही फोटो काढला नाही. येताना मारिव्हिकसाठी रेशमी ओढणी घेतली.

पुढच्या महिन्यात मारिव्हिक दुकानात परत लागली. तिनं ओढणी घेतली, बोटांनी पोत पाहिला, "छान आहे, मिस जोनालिन," म्हणाली आणि पिशवीत ठेवली. गिऱ्हाइकांसमोर सगळ्याच विक्रेत्या एकमेकींना 'मिस' म्हणत, पण तेव्हा आसपास गिऱ्हाईक नव्हतं. त्यानंतर ती भांडली नाही की रुसली नाही. सुट्टे हवे असले तर मागायची, सकाळी मान हलवायची. जोनालिननं दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा मारिव्हिकला नेमकं गोदामात जायचं होतं.

पावसाळ्यानंतर मारिव्हिक दिसेनाशी झाली. नेमणूक संपली असेल, असं जोनालिनला वाटलं. जेवणघरातल्या वाढपी बाईनं सांगितलं, ती रियाधला गेली, एका घरी कामाला. या वेळी विमानतळावर कुणी अडवलं नाही. कामाचे कागद होते ना. चपलांच्या दुकानातल्या सगळ्या जणी तिला निरोप द्यायला गेल्या होत्या, तिकडची जीपनी नावाची छोटी बस भरून.

"तुला कुणी सांगितलं नाही?" वाढपी बाईनं विचारलं. "मला वाटलं, तुम्ही दोघी जिवलग."

"नाही," जोनालिन म्हणाली. "कामापुरती ओळख."