‘चालतं मढं - दोन’ मधली माय

प्रमिलाबाई सिनेमात आल्या त्या केळीच्या फण्या धुता धुता. यावलजवळच्या त्यांच्या गावात केळीचं पॅकिंग चालतं. तिथे त्या कोपरापर्यंत ओल्या हातांनी हौदाशी उभ्या होत्या, आणि लग्नांचं शूटिंग करणारा प्रेमराज म्हातारी शोधत शोधत तिथवर आला होता.

‘‘मावशी, अवघड काहीच नाही,’’ तो म्हणाला. ‘‘पोराच्या मांडीवर डोकं ठेवून मरायचं फक्त.’’

‘‘मेल्यावर उठू ना?’’ प्रमिलाबाईंनी विचारलं.

‘‘ते दुसऱ्या भागात.’’

बाया हसल्या, प्रमिलाबाईही हसल्या. पण प्रेमराज थट्टा करत नव्हता. केळीच्या बागांमधून हिंडणाऱ्या मुडद्यांचा त्याचा सिनेमा, ‘चालतं मढं’, मोबाइलवर आला आणि खानदेशात घरोघरी पाहिला गेला. झॉम्बी हा शब्द गावात कुणाला नीट म्हणता येईना, सगळे झोंबी म्हणत. त्या झोंब्यांच्या धुमाकुळात प्रमिलाबाई पोराला भाकरी बांधून देतात आणि मग त्याच्या मांडीवर जीव सोडतात, तेव्हा लोक रडले. बसमध्ये बाया त्यांना जागा द्यायला लागल्या. धुळ्याला दिलेली त्यांची एकुलती एक लेक रूपा, तिने तर सासरच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना तो सिनेमा दाखवला. ‘‘ही माझी माय,’’ असं ती प्रत्येकाला सांगायची आणि मरणाच्या जागी सिनेमा पुढे पळवायची. का, ते कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या भागात प्रमिलाबाई खरोखरच उठल्या.

प्रेमराजने या वेळी कसर ठेवायची नाही असं ठरवलं होतं. त्याची बायको दिपमाला ब्युटी पार्लर चालवायची. नवरीच्या हेअरस्टाइलचा सराव करायला तिच्याकडे रबरी मुंडकी होती. त्यातलं एक तिने घेतलं, त्यावर प्रमिलाबाईंचा चेहरा उठवला, पांढरे केस चिकटवले, कपाळावरचं गोंदणसुद्धा काढलं. बीट, गुळाचा पाक आणि कॉफी उकळून रक्त केलं. कथेत पोरगा, म्हणजे त्याचं काम करणारा हितेंद्र, आपल्या झोंबी झालेल्या आईला ओळखतो, आधी मागे सरतो, आणि ती धावून आल्यावर कोयत्याने तिची मान उडवतो. आवाजासाठी केळीचा खांब तोडला. खच्‌कन् असा आवाज आला की सगळे दचकले. मग प्रमिलाबाईंना खड्ड्यात बसवलं, गळ्याभोवती केळीची पानं पसरली, आणि नुसतं मुंडकं जमिनीवर पडून डोळे मिचकावतंय असा शॉट घेतला. त्यांना भलतीच मजा आली. त्यांच्या आयुष्यात त्यांच्याकडे इतका वेळ कुणी टक लावून पाहिलं नव्हतं.

प्रेमराजने जळगावातल्या एका टॉकीजमध्ये दुपारचा खेळ ठरवला. रूपा आणि जावई ज्ञानेश्वर धुळ्याहून आले. प्रमिलाबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. लेकीला त्यांनी हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं.

टॉकीज भरून गेलं होतं. कॉलेजची पोरं पहिल्यापासूनच शिट्ट्या मारत होती. आतडी बाहेर आली की ओरडायची, कुणाचा हात तुटला की ‘वन्स मोअर’ म्हणायची. प्रमिलाबाई लेकीच्या कानाशी लागून सांगत होत्या, ‘‘ते आतडं नाही वं, सायकलची ट्यूब आहे.’’ रूपा नुसती मान हलवत होती.

मग तो प्रसंग आला. पडद्यावरच्या प्रमिलाबाई बागेतून पाय ओढत आल्या. डोळे पांढरे, तोंडातून लाळ. हितेंद्रने कोयता उगारला. खच्‌कन् आवाज आला, मुंडकं गडगडत पाटाच्या काठाशी पडलं, पाटाचं पाणी लाल झालं. आणि सगळं टॉकीज टाळ्यांनी दणाणलं. पोरं खुर्च्यांवर चढली. कुणीतरी ओरडलं, ‘‘गेली रे म्हातारी!’’

प्रमिलाबाईंनाही हसू फुटलं. टाळ्या आपल्याच की! त्यांनी वळून पाहिलं तर शेजारची खुर्ची रिकामी होती. रूपा अंधारात पायऱ्या चढून बाहेर चालली होती. ज्ञानेश्वर चपला चाचपत तिच्या मागे निघाला.

खेळ सुटल्यावर बाहेर नुसता कालवा. प्रमिलाबाई गर्दीत लेक शोधत होत्या आणि प्रत्येक जण त्यांना थांबवून आपलं मत सांगत होता. एक पोरगा म्हणाला, ‘‘आजी, जबरदस्त! पण रक्त अजून पाहिजे होतं.’’ पोरीला कडेवर घेतलेली एक बाई नवऱ्यावर चिडली होती. ‘‘हा काय घरच्यांनी बसून पाहायचा पिक्चर आहे? पोरगी आता आठ दिवस झोपणार नाही.’’ रावेरहून आलेले रुपचंद नावाचे एक रिटायर्ड मास्तर प्रेमराजला बाजूला घेऊन समजावत होते, ‘‘मेकअप उत्तम. पण गोष्ट कुठे आहे? मुडदे चालतात, गोष्ट चालत नाही.’’ त्यांचाच नातू मध्ये तोंड घालून म्हणाला, ‘‘आबा, गोष्ट पाहायला कोण येतं?’’

प्रेमराजचा चेहरा कुणी स्तुती केली की फुलत होता आणि पुढच्याच क्षणी उतरत होता. शेवटी त्याने प्रमिलाबाईंनाच विचारलं, ‘‘मावशी, तुम्ही सांगा, कसा झालाय?’’

‘‘चांगला झालाय बाबा. रूपाला पाहिलं का कुठी?’’

रूपा नव्हती. ज्ञानेश्वरचा फोन आला, तिचं डोकं दुखतंय म्हणून आम्ही बस धरली, तुम्ही काळजी करू नका.

काळजी करू नका म्हटलं की माणूस काळजीच करतो. रूपा रोज संध्याकाळी आईला फोन करायची. तो नेम तिने मोडला नाही, पण बोलणं पार आटलं. जेवलीस का, गोळी घेतलीस का, ठेवते. सिनेमाचं नाव काढलं की, ‘‘दूध उतू चाललंय.’’ प्रमिलाबाई मनात म्हणायच्या, एवढं दूध रोज कुठून येतं हिच्याकडे?

त्यांनी आपल्यापुरता अर्थ लावला. लेकीला लाज वाटली. आईला लाळ गाळताना, केस पिंजारून धावताना तिच्या नवऱ्याने पाहिलं, सासूने पाहिलं असेल. पहिल्या भागातली भाकरी बांधणारी माय चारचौघांत दाखवण्यासारखी होती, ही नव्हती.

सिनेमा मोबाइलवर आला तेव्हा पॅकिंगच्या बाया दुपारच्या भाकरीला बसल्या की खाली लोकांनी लिहिलेलं मोठ्याने वाचायच्या. कुणी ‘खानदेशचा अभिमान’ लिहिलं होतं, कुणी ‘किळसवाणा प्रकार’. एकाने लिहिलं, आईला मारायला नको होतं. त्याच्या खाली दुसरा भांडत होता, अरे ती आई उरलीच नव्हती, तेच तर दाखवलंय. त्यावर तिसरा, तुला आई आहे का? बाया वाचता वाचता आपापसांत भांडायला लागायच्या. सुंदरबाई म्हणायची हितेंद्रने कोयता टाकून पळून जायला पाहिजे होतं. बाकीच्या म्हणायच्या, मग सिनेमा कसा संपला असता?

प्रमिलाबाई भाकरी मोडत ऐकून घ्यायच्या. जगाने मत दिलं होतं. एकाच माणसाचं कळत नव्हतं.

शेवटी त्यांनी सुट्टी टाकली, भरताची वांगी पिशवीत भरली आणि न कळवता धुळ्याची वाट धरली.

देवपुरातल्या घराचं दार रूपाच्या सासूने, बेबाबाईंनी उघडलं. प्रमिलाबाईंना पाहून त्या दारातूनच गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, ‘‘या, या इहीनबाई! बठ्ठी गल्लीले सांगी ठेयेल शे मी, पिच्चरमातली भूतनी मनी इहीन शे म्हनीसन!’’

पिक्चरमधली भुतीण आपली विहीण, हे गल्लीभर सांगून झालं होतं; प्रमिलाबाई उंबऱ्यातच थबकल्या. लाज या घरात तरी दिसत नव्हती. बेबाबाईंनी त्यांना पाणी दिलं, त्यांच्या गळ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, ‘‘कसं काय तोडं वो ते मुंडकं? भलतं भारी शे!’’

आतून रूपा आली. आईला पाहून तिचा चेहरा आधी उजळला आणि मग घाबरला. ‘‘माय? बरं आहे ना? काय झालं?’’

‘‘काही नाही झालं वं. वांगी आणली.’’

बेबाबाईंना काय कळायचं ते कळलं. चहाची साखर बघते म्हणत त्या शेजारी निघून गेल्या. रूपा पिशवीतली वांगी एकेक काढून ताटात ठेवायला लागली, जणू फुटतील.

‘‘काहून उठून गेली होती तू?’’ प्रमिलाबाईंनी विचारलं. ‘‘माह्यी लाज वाटली का?’’

रूपाचा हात थांबला. ‘‘लाज? लाज कशाची?’’

‘‘मंग?’’

रूपाने ताटातलं एक वांगं उचलून परत ठेवलं. मग वांग्याकडेच पाहत म्हणाली, ‘‘टाळ्या वाजवत होते सगळे.’’

‘‘मंग? चांगलंच की.’’

‘‘तू मेली आणि सगळे टाळ्या वाजवत होते, माय.’’ आता तिचा आवाज फुटला. ‘‘मले माहीत आहे ते खोटं आहे. रबराचं आहे, बिटाचं रक्त आहे, सगळं माहीत आहे. पण तू तिकडे एकटी राहते. रोज संध्याकाळी मी फोन लावते आणि तू उचलेपर्यंत घंट्या मोजत बसते. घंटी वाजते, वाजते, तू काही उचलत नाही. हौदावरून हात पुसत येत असशील, हे मले कळतं, तरी मोजते. तेवढ्या वेळात मी काय काय पाहते, तुले नाही सांगता येणार. आणि तिथं मी जे रोज पाहते तेच दाखवलं. पहिल्या भागातसुद्धा मी ते पुढे पळवत होते. पण टॉकीजमध्ये कसं पळवणार? आणि लोक शिट्ट्या मारतात! असं वाटलं एकेकाच्या कानाखाली द्यावी.’’

इतके दिवस प्रमिलाबाई त्या फोनकडे पोरीचा नेम म्हणून पाहत होत्या. पहिल्या घंटीला उठण्यासारखं त्यात काही आहे, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. त्या उठल्या, लेकीच्या शेजारी जाऊन बसल्या आणि तिचा हात ओढून आपल्या गळ्यावर ठेवला.

‘‘पाह्य, मुंडकं आहे का जागेवर?’’

रूपा रडता रडता हसली. पण हात काढला नाही. बोटांखाली आईची नाडी टकटक करत होती, ती तिने नीट चाचपून पाहिली, लहानपणी माय तिचा ताप पाहायची तसा पालथ्या हाताने गालही पाहिला.

‘‘दुखलं का गं?’’

‘‘मान नाही दुखली. पाठ दुखली. खड्ड्यात बसवलं होतं ना, वरून ऊन. आणि मुंग्या! मुंडकं मेलेलं, त्याले खाजवता येते का?’’

‘‘मग?’’

‘‘मंग काय, डोये मिचकावले. प्रेमराज म्हणे, वा मावशी, काय ॲक्टिंग! मी म्हटलं, मुंगी काढ आधी.’’

आता रूपाला खरंच हसू आवरेना. आईने एकेक सांगितलं. हितेंद्र कोयता उगारायचा आणि दर वेळी ‘सॉरी मावशी’ म्हणायचा, म्हणून शॉट फुकट जायचा. दिपमालाने गोंदण चुकून उजवीकडे काढलं, मग पुसून परत काढलं. ते मुंडकं आता पार्लरमध्ये टॉवेल वाळवायला ठेवलंय.

बेबाबाई साखर न घेताच परत आल्या होत्या आणि मोबाइल घेऊन पलंगावर बसल्या होत्या. ‘‘चाला, दखाडा ना माले, कोठे मुंगी शे ती!’’

रूपाने आईकडे पाहिलं. मग तिने स्वतःच तो प्रसंग लावला. आईचं मनगट घट्ट धरून, एक डोळा मिटून तिने पाहिलं. बाग आली, प्रमिलाबाई पाय ओढत आल्या, कोयता उठला. खच्‌कन् आवाज झाला तशी बेबाबाईंनी सवयीने टाळी वाजवली. रूपाने सासूकडे असं पाहिलं की त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. पडद्यावरचं मुंडकं केळीच्या पानावर पडून डोळे मिचकावत होतं.

‘‘ती पाह्य, भुवईवर,’’ प्रमिलाबाई म्हणाल्या. ‘‘मुंगी.’’

तिघीही इतक्या हसल्या की बेबाबाईंना ठसका लागला.

‘‘आता सांग,’’ प्रमिलाबाई म्हणाल्या. ‘‘साऱ्या दुनियेने मत दिलं. तुह्यं काय?’’

रूपाने डोळे पुसले आणि सरळ सांगितलं, ‘‘पिक्चर मले अजिबात आवडला नाही. घाण आहे. उगाच रक्त आहे. प्रेमराजभाऊला सांग, तिसऱ्यात तुले घ्यायचं असेल तर दुसऱ्या कुणालाही मार म्हणावं, तुले नाही.’’

‘‘आणि माह्यं काम?’’

‘‘काम चांगलं केलं.’’ ती थांबली. ‘‘एवढं चांगलं करायची गरज नव्हती.’’

प्रमिलाबाईंनी ते जपून ठेवावं तसं ऐकून घेतलं. टॉकीजबाहेरच्या कुणाच्याही बोलण्याने त्या इतक्या फुलल्या नव्हत्या.

मुक्कामाला त्या दोन दिवस राहिल्या. गल्लीतल्या बाया त्यांना पाहून गेल्या, काहींनी सिनेमाला नावं ठेवली, काहींनी सोबत फोटो काढले. बेबाबाई प्रत्येकीला मुंगी दाखवायच्या. निघताना रूपा बसस्टँडवर आली आणि जळगावच्या गाडीत खिडकीची जागा मिळवून देऊन खाली उभी राहिली.

‘‘पोचल्यावर फोन कर,’’ ती म्हणाली.

‘‘तू नको लावू. यापुढं मीच लावत जाईन,’’ प्रमिलाबाई म्हणाल्या. ‘‘हौदावर जायच्या आधी.’’

गाडी हलली. रूपा हात हलवत थोडं अंतर सोबत चालली. शेजारी बसलेल्या बाईने प्रमिलाबाईंकडे दोनतीनदा पाहिलं आणि शेवटी भीत भीत विचारलं, ‘‘तुम्ही त्याच का, त्या मुडद्याच्या पिक्चरमधल्या?’’

‘‘हो, तीच मी,’’ प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि सरकून तिच्या पिशवीला जागा करून दिली.