एका खिडकीचं हूड

नागपूरच्या जुन्या मोटारींच्या रॅलीचे तपासनीस साहेब चिंतामणरावांच्या उघड्या विलायती गाडीभोवती तिसरी फेरी मारत होते. जीपचे हूड शिवणारा म्हातारा डोमाजी चहाची बशी धरून उभा होता. साहेबांना अडलंनडलं सांगायला चिंतामणरावांनी त्याला मुद्दाम बैहर रोडवरच्या दुकानातून बोलावलं होतं.

रॅलीत अठ्ठेचाळीस सालापर्यंतच्याच गाड्या घेत होते. गाडीचे कागद वाळवीनं आधीच तपासून टाकले होते, त्यामुळे साल आता हूडावरून ठरणार होतं.

"अठ्ठेचाळीसपर्यंत हूडाला मागं दोन लहान खिडक्या," साहेब म्हणाले. "एकोणपन्नासला कंपनीनं एकच लांब केली. इथं एकच आहे."

चिंतामणराव पायरीवर बसले. पाटबंधाऱ्यातून रिटायर झाल्यापासून वर्षभर ते या रॅलीशिवाय दुसरं काही बोललेच नव्हते.

डोमाजीनं बशी तोंडापासून दूर केली. हूड कंपनीचं नव्हतंच. बासष्ट साली त्यानं शिवलेलं होतं. चिंतामणरावांच्या वडिलांना गावठी हात चालत नव्हता, म्हणून 'कलकत्त्याहून पार्सल आलं' असं त्यानं सांगून टाकलं होतं. खिडक्या त्यानं दोनच कापल्या होत्या, पण एका ओळीत बसेनात. शेवटी मधलं कापडच उडवून दिलं. पुढं सदतीस वर्षं गाव म्हणत राहिलं, "डोमाजी, पाहून घे कंपनीचं काम!" आणि डोमाजी पाहून घेत राहिला.

बोलावं तर म्हातारपणी नाक कापलं जाणार. गप्प बसावं तर पायरीवरचा माणूस उठेल असं दिसेना.

"साहेब, थे हूड म्या शिवलं."

साहेब हसले. "काका, मालकासाठी खोटं बोलू नका. ही सफाई कंपनीचीच."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी एवढी तारीफ केली, तीही अशा वेळी! डोमाजीनं बशी पायरीवर ठेवली. त्यानं खिशातलं ब्लेड काढलं आणि खिडकीच्या काठाची शिवण उसवायला घेतली.

"अबे, फाडून काहून राह्यला!" चिंतामणराव ओरडत उठले.

काठाची पट्टी सुटली. आत दुमडलेल्या कापडावर दोन जुन्या खिडक्यांचे कोपरे होते, एक दुसऱ्यापेक्षा चांगला बोटभर वर.

"जुन्या हूडाचं माप घेऊनच कापल्या होत्या, साहेब. हात चुकला."

साहेबांनी वाकून पाहिलं, टेप लावला, पुन्हा पाहिलं. "नमुना दोन खिडक्यांचा होता, हे खरं," ते पुटपुटले आणि कागदावर अठ्ठेचाळीस लिहिलं. "पण रॅलीला दोन खिडक्यांचं हूड हवं. पंधरा दिवसांत."

चिंतामणराव डोमाजीकडे बघत राहिले. भाऊ आता हाकलतो की मारतो, डोमाजीला काही कळेना.

"बाबा असते तर तुले गोळीच घातली असती."

"हौ, भाऊ."

"शिवतो का मग?"

डोमाजीनं ब्लेड खिशात टाकलं.

"शिवतो. पण भाऊ, ओळ धराले गवंड्याची पाणसळ मागवा."