अकराच्या टोल्याचं मौन

महादेवीचं मौन अंघोळीबरोबर सुरू व्हायचं आणि जुन्या नगर कचेरीच्या घड्याळाने अकराचे टोले दिले की सुटायचं. सासूबाईंनी घालून दिलेला नेम. कचेरीच्या व्हरांड्यात ती कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकायची. सकाळची गिऱ्हाइकं बोटांनी मागायची. शेजारच्या बांगडीवाल्या खातूनबी म्हणायच्या, "अकरापर्यंत दोघींचं मीच बोलते की!"

आता कचेरीचं रूप पालटत होतं. खाली दुकानं, वर वाचनालय, मधल्या दालनात बारशा-साखरपुड्यांची सोय. आज गाळे वाटायचे होते. ज्याला हवा त्याने स्वतः उठून तोंडाने मागायचा, एवढाच नियम. महादेवीला घड्याळाखालचा कोपरा हवा होता. तो गेला तर टोपली घेऊन उन्हात बसणं आलं.

कोपऱ्याची पाळी आली तेव्हा अकरा वाजून गेले होते, पण टोला काही पडला नाही. कानाशी दणदणाट नको म्हणून रंगाऱ्यांनी घंटेच्या हातोड्याला चिंध्या बांधल्या होत्या!

"घड्याळाखालचा कोपरा कुणाला?" गाळे वाटणाऱ्या चंद्रिका मॅडमनी विचारलं.

"मला द्या," कॉफीवाला नंदीश उठला.

महादेवीने दोन्ही हात वर केले.

"थांबा बाई, तिलाबी पायजे!" खातूनबी ओरडल्या.

"मग त्यांनाच सांगू दे."

"मौन हाय तिचं. अकरा वाजल्याबिगर बोलत न्हाय."

"अहो, वाजले की!"

"तुमच्या मोबाइलात वाजले. तिच्या देवाकडं कुटं वाजले?"

महादेवीने पदर खोचला आणि जिना चढली. जरा वेळाने घंटा अशी घणघणली की पारवे उडाले आणि एका रंगाऱ्याचा डबा कलंडला. धापा टाकत ती खाली आली.

"कोपरा मला द्या, बाई. आणि नंदीश, तू वर जा की बाळा. वाचणाऱ्यांना झोप येती, तितं कॉफी लई खपंल."

मॅडमना हसू आवरेना. "घ्या कोपरा. पण रंगकाम संपेपर्यंत घड्याळाचे टोले बंद. तोवर घंटेची दोरी खाली तुमच्या कोपऱ्यात सोडू, टोले तुम्हीच द्यायचे."

"आता काय, दोरी तुझ्याच हातात!" खातूनबी खूश. "कवाबी वाजव, कवाबी बोल."

दुसऱ्याच सकाळी एक गिऱ्हाईक भाकरी वाजवून म्हणालं, "मावशी, कालची दिसती."

कालची! पहाटे थापलेली! महादेवीचा हात दोरीकडे गेला. घड्याळात साडेदहा. हात मागे आला.

"मी बोलू का?" खातूनबींनी बाह्या सावरल्या.

महादेवीने मान हलवली. पदराने स्टूल पुसलं, गिऱ्हाइकापुढे सरकवलं आणि अदबीने बसायची खूण केली. अकरापर्यंत.