शुक्रवारचा वाचक

मित्रांनो, मी एक जुना फलक आहे. फळा वेगळा. फळ्यावर गुरुजी लिहितात आणि मुलं उतरवून घेतात. माझ्यावर मुलांनी लिहायचं आणि इतरांनी वाचायचं, अशी मूळ योजना होती.

माझा जन्म भिवंडीतला. लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, सुटे भाग ज्या देवदारी खोक्यांतून येतात, तसल्या एका खोक्याच्या फळ्या केसरीनाथ सुताराने सांधल्या आणि वर मांजरपाट ताणून बसवलं. माझ्या पाठीवर अजून ‘सांभाळून उतरवा’ अशी अक्षरं आहेत. फलकाची पाठ कोणी वाचत नाही, त्यामुळे त्यांचा उपयोग झाला नाही.

शाळा सातवीपर्यंतची होती. मराठी शिकवणाऱ्या मीराबाईंनी मला फाटकाजवळच्या व्हरांड्यात, रस्त्याकडे तोंड करून टांगलं आणि मुलांना पहिला विषय दिला, ‘माझी आई’. मुलांनी निबंधाच्या पुस्तकातून आई उतरवून आणली. वर्गातल्या सगळ्या आया पहाटे उठून तुळशीला पाणी घालू लागल्या. हसनची आईसुद्धा घालत होती. बाई म्हणाल्या, “भिवंडीत इतक्या तुळशी असत्या तर खोकला तरी कमी झाला असता.” आणि त्यांनी ते सगळे कागद काढून टाकले. मग बरेच दिवस माझ्या अंगावर नुसत्या टाचण्या होत्या.

शुक्रवारी आमच्या गावात लूम बंद असतात. एरवी भिंतीही थरथरत असतात, त्या दिवशी मात्र माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येतो. अशाच एका शुक्रवारी नमाज आटोपून फखरुद्दीन शाळेत आले. ते लूमचे जुने कारागीर. लूमने त्यांना पोट दिलं आणि कान घेतले. त्यामुळे ते बोलले की सातवीसकट पाचवीही मागे वळून पाहायची.

“बाई, माझी अतिया कशी हाय?”

“हुशार आहे. पण काही लिहीत नाही.”

“काय?”

“लिहीत नाही!”

“घरात पन बोलत नाय! मुकी झाली काय, बगा जरा!”

सातवीतली अतिया मागेच उभी होती. ती खाली बघत म्हणाली, “बोलते ना, बाई. अब्बांना ऐकू येत नाय. ओरडून सांगितलं तर सगळ्या गल्लीला कळतं, अब्बा सोडून. अब्बा नुसती मान हलवतात.”

“चिठ्ठी लिहून दे मग.”

“दिली. खिशात ठेवली. अम्मीनं शर्ट धुतला.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “वाचता येतं त्यांना?”

“चौथीपर्यंतचं येतं.”

“मग इथं लिही. भिंतीवर लिहिलेलं असलं की माणूस उभं राहून वाचतं.”

पुढच्या शुक्रवारी अतियाचा कागद माझ्यावर होता. ‘मला अब्बांशी न ओरडता बोलायचं आहे,’ अशी त्याची सुरुवात होती. पुढे तिने बकरीने शेजाऱ्यांची लुंगी कशी खाल्ली ते लिहिलं होतं. फखरुद्दीननी एकेका शब्दावर बोट ठेवून ते वाचलं. लुंगीपाशी ते इतक्या मोठ्याने हसले की लडकू शिपाई धावत आला. “काय झालं? कोन पडला?”

बाईंनी त्या कागदावर लाल शाई चालवली नव्हती. खाली पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं, ‘मग पुढं काय झालं?’ पुढे काय झालं ते सांगायला अतिया दर आठवड्याला लिहू लागली. तिचं बघून बाकीचेही लिहू लागले. राघोने लिहिलं की त्याची आई झोपेत भांडते. त्याची आई जाईबाई शुक्रवारी येऊन उभी राहिली आणि लडकूकडून ते वाचून घेतलं. “मेल्या, गावभर सांगतोस व्हय?” असं म्हणत तिने राघोच्या पाठीत धपाटा घातला. मग लडकूला म्हणाली, “परत वाच बरं जरा.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला चांगला काळ एवढाच. शुद्धलेखन भयंकर होतं. कापसाचे तंतू शाईवर चिकटायचे, पावसाची झड आली की अक्षरं पसरायची. पण माझ्यावर जागा मिळावी म्हणून मुलं भांडायची.

मग एक्क्याण्णव सालची जनगणना आली आणि सरकारने माणसं मोजायला मीराबाईंना नेलं. जाण्याआधी त्यांनी अतियाला सांगितलं होतं, “जे खरं सांगायचंय ते आता लिही. वर्ष संपत आलं.”

अतियाने लिहिलं. मला ते पाठ आहे. ‘अब्बा, सातवी झाली की माझी शाळा बंद, असं घरात बोलतात. मला आठवीत जायचं आहे. हायस्कूल लांब आहे, पण मी चालेन. तुम्ही हो म्हणा. मान हलवू नका, मान तुम्ही सगळ्यालाच हलवता. तोंडाने हो म्हणा.’

हा कागद तिने माझ्यावर लावला त्याच आठवड्यात शाळेची तपासणी ठरली.

आमचे हेडसर वाईट नव्हते. त्यांचं माझ्यावर प्रेम होतं. “इतका चांगला उपक्रम आणि धूळ खात बाहेर?” असं म्हणून त्यांनी मला उतरवलं, ऑफिसात नेलं, काच बसवली आणि काचेला छोटंसं कुलूप लावलं. असा मान मला पूर्वी कधी मिळाला नव्हता. मग त्यांनी अतियाचा कागद वाचला आणि तिला बोलावलं.

“अक्षर छान आहे, पोरी. पण घरातल्या गोष्टी भिंतीवर नकोत. साहेब काय म्हणतील? तुझा विषय शिक्षणच आहे ना? मग हे उतरवून काढ. तुझाच पहिला नंबर लावतो.”

त्यांनी स्वतः मजकूर काढून दिला. ‘शिक्षण ही अज्ञानाच्या निबिड अंधकारातील तेजस्वी पणती होय. शिक्षणाविना मनुष्याचे जीवन निरर्थक ठरते.’ अतियाने ते सुवाच्य अक्षरात उतरवलं. खाली तिचं नाव आणि कोपऱ्यात पहिल्या क्रमांकाची लाल फीत. तिचा जुना कागद हेडसरांनी टोपलीत टाकला. ते नीटनेटके होते.

शुक्रवारी फखरुद्दीन आले आणि व्हरांड्यातल्या रिकाम्या खिळ्यापुढे उभे राहिले. लडकू ओरडला, “आत हाय! आत नेलाय!” आणि शेवटी हाताला धरून त्यांना ऑफिसात घेऊन आला. चपला दाराबाहेर काढून ते माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी काचेवर बोट ठेवलं. ‘निबिड’पाशी बोट बराच वेळ थांबलं. कुठे हसायचं ते त्यांना सापडत नव्हतं. पण अक्षर पोरीचंच होतं. ते शेवटपर्यंत वाचत गेले.

“हेडसर, हे सगळं अतियानं लिवलं?”

“तिच्याच हातचं! पहिला नंबर!” हेडसर ओरडले.

फखरुद्दीनचे डोळे भरून आले. “आमच्या घरात एवढं कठीन कुनी बोललं नाय कधी. आता झालं की तिचं शिक्षन. घरातले बोलतात सातवीत बंद करा, मी अडून बसलेलो. म्हटलं, पोरीच्या मनात काय हाय ते तिच्याकडनंच कळू दे. पन एवढं सगळं येतंय, तर आठवीत अजून काय शिकवनार?”

हेडसरांनी ही शाळेची स्तुती समजून हात जोडले.

अतिया दारात उभी होती. “अब्बा, ते माझं नाय,” ती म्हणाली. शुक्रवार होता. गावात इतकी शांतता होती की मला काचेआडून ऐकू आलं. फखरुद्दीननी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान हलवली.

काचेवरचे बोटांचे ठसे हेडसरांनी रुमालाने पुसले. तपासणीत मला ‘उत्तम’ असा शेरा मिळाला.

जनगणना संपल्यावर मीराबाई अतियाच्या घरी जाऊन घसा बसेपर्यंत ओरडून आल्या. गल्लीला सगळं कळलं. फखरुद्दीन आदराने मान हलवत होते. बाईंनी दिलेली चिठ्ठीही शर्टाच्या खिशात गेली. जूनमध्ये अतिया शेजारच्या घरात बसून लूमच्या बॉबिनवर सूत भरत होती, असं लडकू सांगायचा.

त्यानंतर माझ्यावर कोणी काही लिहिलं नाही, लिहवून घेतलं गेलं. ‘विद्यार्थ्यांत लेखनाची प्रेरणा का नाही?’ या विषयावर शिक्षकांची बैठक माझ्यासमोरच झाली. बक्षिसं वाढवावीत, असं ठरलं. बक्षिसं वाढली आणि तुळशी पुन्हा आल्या.

पुढे काच फुटली आणि मी भंगारात गेलो. आता भिवंडीजवळ काल्हेरच्या एका गोदामात मालाला ओल लागू नये म्हणून मला जमिनीवर आडवं टाकलंय. माझ्यावर निबंधांच्या पुस्तकांचे गठ्ठे आहेत. त्यांत ‘फलकाचे आत्मवृत्त’ आहे, असं हमाल वाचत होते. त्याच्या शेवटी मी म्हणतो म्हणे, की मुलांनो, माझी काळजी घ्या.

मित्रांनो, मी तसं म्हणत नाही. माझी काळजी घेतली तिथेच सगळं संपलं. तुमच्या आसपासचं एखादं मूल लिहीत नसेल, तर त्याला विषय देऊ नका. ते कोणाला काय सांगू बघतंय तेवढं विचारा, आणि त्या माणसाचं वाचून होईपर्यंत लाल पेन खिशात ठेवा. ते माणूस रस्त्यावर उभं राहणारं असेल, तर फलकही रस्त्याकडेच राहू द्या. पाऊस लागेल, शाई पसरेल. पसरू द्या.

तुम्ही असं कराल, असं मला वाटत नाही. गठ्ठ्यांची नवी गाडी आत्ताच दाराशी लागली आहे.