हळदीला पाचवी

माझा स्वभाव तापट आणि तोंड त्याहून तापट, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण चूक माझी असली तर ती माझीच म्हणते. ही माझीच.

आमच्या बेटावर, क्वात्र बॉर्न शहरातल्या आमच्या गल्लीत पूर्वी सगळी क्रेओल, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या ख्रिस्ती लोकांची घरं. लाकडाच्या भिंती, वर पत्रे, पुढे बांबूचं कुंपण. साठ सालच्या वादळानं निम्मे पत्रे उडवून नेले. लोकांनी मोडकी घरं विकली, आणि आमच्यासारखे गावाकडचे कारकून-मास्तर येऊन सिमेंटची बांधू लागले. दोन-तीन वर्षांत गल्ली ओळखू येईना. समोर तमिळ मास्तरीण, कोपऱ्यावर भोजपुरी बोलणारी बसंती, तिच्या पलीकडे आमच्यातलीच, मराठी इंद्राणी. लाकडी घर एकच उरलं, माझ्या शेजारचं, लिझेतचं. माझे दीर बलराम त्यावर डोळा ठेवून होते.

लिझेत बारा महिने काळ्या झग्यात. कपाळ मोकळं, गळा मोकळा, घरात पुरुषमाणूस नाही. मी काय ते समजले. नवऱ्याविषयी एका शब्दानं विचारलं नाही. जखमेवर मीठ कशाला चोळा? हळदीकुंकवाला सगळ्या गल्लीला बोलावणं, फक्त हिला नाही. उगाच तिच्या जिवाला लागेल. वर कुंपणावरून लाडू-करंज्यांचं ताट द्यायची. ती "मेर्सी, मादाम" म्हणून घ्यायची, आणि मला वाटायचं, कुंती, तू किती गं चांगली!

त्रेसष्टमध्ये माझ्या चंद्रिकेचं लग्न ठरलं. सासूबाई गावाकडे, प्लेन दे पपायला राहायच्या. त्या म्हणाल्या, "लग्न गावातच कर. तुझ्या त्या गल्लीत पोरीची हळद दळायला पाच सवाष्णी तरी मिळतील का?" मला झोंबलं. म्हटलं, "माझ्याच दारात होईल, बघाच तुम्ही!" झालं, पैज लागल्यासारखी गोष्ट.

हळदीच्या दिवशी गावाकडच्या बायका सकाळच्या बसनं येणार होत्या. नऊ वाजता एकजण सायकलवरून सांगत आला, बस वाटेत बंद पडली, दुपारशिवाय काही येत नाही. मुहूर्त दहाचा! जात्याभोवती मी, मास्तरीण, बसंती आणि इंद्राणी. मोजून चार. सासरे जाऊन सहा वर्षं झालेली, त्यामुळे सासूबाई मोजणीत नाहीत. त्या भिंतीला टेकून नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. चंद्रिका पाटावर बसून माझं तोंड न्याहाळत होती. मला रडू फुटलं, म्हणून मागच्या अंगणात पळाले.

कुंपणापलीकडे लिझेत कपडे वाळत घालत होती. "काय झालं, मादाम?"

"एक बाई कमी पडतेय गं. नवरा हयात असलेली हवी. पोरीची हळद अडली माझ्या!"

लिझेतनं माझ्याकडे टक लावून बघितलं. "मग मी कोण?"

"तू?"

"माझा गास्तों आगालेगा बेटावर आहे, नारळाच्या मळ्यात. दोन वर्षांचा करार. पुढच्या बोटीनं येतोय. हे काळं आईच्या दुखवट्याचं. आमच्यात घालतात."

अगं आई गं! बाईचा धडधाकट नवरा मी दोन वर्षं मारून ठेवला होता!

सासूबाईंना चाचरत सगळं सांगितलं. वाटलं, क्रेओल म्हणून नाक मुरडतील. त्या उलट माझ्यावरच खेकसल्या, "नवरा जित्ता आहे ना तिचा? मग विचारत काय बसलीस? आण तिला!"

काळ्यावर हळद नको म्हणून झग्यावरूनच तिला माझी हिरवी साडी गुंडाळली. इंद्राणीनं कुंकू लावलं. पाच हात खुंट्यावर आले, जातं फिरलं. मला हायसं वाटलं.

तेवढ्यात लिझेत हळूच म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला क्रेओल बाई घरात नको, म्हणून ताट कुंपणावरून देता. मी गास्तोंला पत्र लिहिलंय, आलास की घर विकून टाकू. तुमच्या दिरांना होही म्हटलंय."

माझा हात थांबला. आता लपवण्यात काय अर्थ? सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "मी तुला विधवा समजले होते."

लिझेतनं आ वासला. मग जी हसत सुटली! "बोंद्ये! देवा रे! माझा गास्तों मेला!" बसंती हसली, मास्तरीण हसली, सासूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून गदगदल्या. हसता हसता लिझेतचे डोळे भरून आले.

"एकदा विचारायचं तरी, मादाम."

"तुला दुखेल म्हणून नाही विचारलं गं."

"दुखलंच की," ती म्हणाली.

ओसरीवर बलरामभावोजी मांडवाच्या दोऱ्यांचा गुंता सोडवत होते. मी तिथूनच ओरडले, "भावोजी, दुसरं घर शोधा! शेजारचं विकायचं नाहीये!"

मग लिझेतकडे बघितलं. तिनं हळकुंडांची मूठ जात्यात टाकली आणि पुन्हा खुंटा धरला.