मोरितांच्या अस्थी

१९५८ च्या जुलैत पोंभुर्ण्याजवळच्या भातशेती केंद्रावर तीन जपानी कुटुंबं राहत होती. त्यांतले मोरिता आठवडाभराच्या तापानं गेले. दहनानंतर त्यांची बायको किकुए आणि केंद्रप्रमुख ओकुदा यांनी लांब काड्यांनी राखेतलं एकेक हाड उचललं, पायाकडून डोक्याकडे, आणि पांढऱ्या बरणीत ठेवलं. बरणी किकुएनं उशाशी ठेवली. जपानला गेल्यावर ती मोरितांच्या आईच्या हाती द्यायची होती.

गावातही अस्थी गोळा करत. पण मडकं गावाबाहेर झाडाला बांधत, घरात आणत नसत. पाचव्या दिवशी गावातल्या लच्छूच्या मुलीला तसाच ताप आला. मग आणखी दोघांना.

घरात ठेवलेल्या अस्थींमुळंच ताप पसरला, असं म्हणत रामाजी पाटील दहाबारा माणसं घेऊन आला. ओकुदांनी ऐकून घेतलं आणि किकुएला सांगितलं की बरणी नदीत सोड, बाकीच्यांना इथंच राहायचं आहे. ती ऐकेना.

शेवटी केंद्राची स्वयंपाकीण गुणाबाई हिनं बरणी फडक्यात बांधून नदीवाटेच्या मोहाला टांगली. किकुए त्याच झाडाखाली बसून राहू लागली. दुसऱ्या सकाळी तिथल्या चिखलात वाघाची पावलं होती. झाडाला फेरी घालून ती बांबूत गेली होती.

"घरी चाल, बाई," गुणाबाई म्हणाली.

"कोणी घेईल," किकुए म्हणाली.

गुणाबाई तिच्या पाठीला पाठ लावून बसली, बांबूकडं तोंड करून.

दुपारी लच्छूच्या घरातून रडणं ऐकू आलं. मुलगी गेली होती. थोड्या वेळानं माणसांचे आवाज वाटेनं येऊ लागले. गुणाबाईनं फडकं सोडवलं, बरणी डोक्यावर घेतली आणि किकुएला ओढत नदीवर नेलं. नदी फुगलेली होती. पलीकडे नेणारा डोंगा दोन दिवस बंद होता.

"पवता येते का तुले?"

किकुएला कळलं नाही.

"नाई तं नाई. पदर सोडू नको माहा."

पाणी कमरेला, मग छातीला लागलं. मध्यावर गुणाबाईचा पाय घसरला. तिनं दोन्ही हातांनी बरणी धरली. किकुएनं तिला धरलं.

दोघी पलीकडे पाण्याबाहेर आल्या तेव्हा माणसं काठावर पोचली होती. काहींच्या हातात कुऱ्हाडी होत्या. पाण्यात कोणी उतरलं नाही. रामाजीनं तिकडूनच सांगितलं, "गुणाबाई, आता वापस येऊ नको."

किकुए बरणी घेऊन चांद्याच्या सडकेकडं चालू लागली. थोडं पुढं जाऊन थांबली. गुणाबाई अजून पाण्याकडं तोंड करून उभी होती. तिकडं गावात तिची सासू घरात एकटी होती.